‘मिसाइल’ की ‘मिसळ’? शास्त्रीय शब्दांचे ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार

प्रश्न : कृष्णाकाठची शिक्षिका, सांगली

नमस्कार. मी सांगलीतील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. यंदा आमच्या नववीच्या वर्गाची अमेरिकेतील एका शाळेशी गाठ घालून देण्यात आली असून, महिन्यातून एकदा, आमच्याकडे संध्याकाळ आणि त्यांच्याकडे सकाळ असताना, दोन्हीकडची मुले संगणकाच्या पडद्यावर एकमेकांना प्रयोग दाखवतात. आमची मुले सेमी इंग्रजीची असल्यामुळे विज्ञानातील इंग्रजी शब्द त्यांना तोंडपाठ आहेत आणि म्हणूनच निदान शब्दांपाशी तरी गाडी अडणार नाही, असे मला वाटत होते. ती नेमकी तिथेच अडली.

पहिल्याच सत्रात तिकडच्या एका मुलाने रॉकेट आणि क्षेपणास्त्र यांतील फरक सांगताना ‘मिसल, मिसल’ असा घोषा लावला. आमच्या मागच्या बाकांवर खसखस पिकली आणि एकाने अत्यंत गंभीर चेहऱ्याने मला विचारले, “बाई, कट वेगळा देतात का?” थोड्या वेळाने ‘नूटन’चे नियम सुरू झाले, तेव्हा सगळा वर्ग आमच्या नूतनकडे वळून पाहू लागला. नंतर वह्या तपासल्या, तर दोघातिघांनी ‘ॲडम’ हे एका शास्त्रज्ञाचे नाव समजून, त्याच्या पोटात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, असे प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते. तो बिचारा ‘ॲटम’ होता. उलट दिशेनेही तसेच घडले. आमच्या एका मुलीने पक्कड आणि अडकित्ता हातात धरून ‘लिव्हर’चे, म्हणजे तरफेचे, प्रकार समजावून सांगितले आणि पलीकडची मुले या हत्यारांचा यकृताशी काय संबंध असावा, याचा विचार करत बसली.

या फरकांमागे काही नियम आहेत की प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो, आपण इकडे जे उच्चार करतो ते नक्की कोणाचे, आणि मुलांना अमेरिकन उच्चार मुद्दाम शिकवावेत का, असे माझे विचारणे आहे. आपापल्या क्षेत्रातील शब्द जाणकारांनी सांगितले तर मला वर्गात त्यांचा उपयोग होईल.

उत्तर : जुना केमिस्ट, वाळवा तालुका

मॅडम, माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे माझ्याकडचे शब्द त्याच रसातले आहेत. आपण ‘सुक्रोज’ आणि ‘ग्लुकोज’ म्हणतो. ब्रिटिश माणूस या शब्दांच्या शेवटी बहुधा ‘झ’ काढतो आणि अमेरिकन माणूस साधारणपणे ‘स’. आपला ‘ज’ हा त्या ब्रिटिश ‘झ’चाच वंशज होय. शेजारच्या डिस्टिलरीत गेले की ‘इथेनॉल’ येते. ज्या वायूंच्या नावांवरून ही घराणी चालतात ते वायू ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ पहिला स्वर लांबवून ‘मीथेन’ आणि ‘ईथेन’ असे उच्चारतो, तर अमेरिकन ‘मेथेन’ आणि ‘एथेन’ म्हणतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘मिथेन’ आणि ‘इथेन’ ब्रिटिश शाखेचेच आहेत, फक्त आपण तो स्वर आखूड केला. गोबरगॅसच्या शेगडीवर भाकरी मात्र कोणत्याही उच्चाराने सारखीच भाजली जाते.

कारखान्यातील सर्वांत गमतीचा शब्द म्हणजे ‘सेंट्रिफ्युगल’. पॅनमध्ये शिजवलेल्या मालात साखरेचे दाणे आणि मळी एकत्र असतात. तो माल जाळीदार टोपलीत घालून मिनिटाला हजाराहून अधिक फेऱ्यांनी फिरवला की मळी जाळीतून बाहेर फेकली जाते आणि साखर आतल्या भिंतीला चिकटून राहते. एकदा ही यंत्रे पाहायला आलेल्या पाहुण्यांत एक इंग्रज आणि एक अमेरिकन होता. इंग्रज ‘फ्यू’वर जोर देऊन ‘सेंट्रि-फ्यू-गल’ म्हणे, अमेरिकन ‘ट्रि’वर जोर देऊन ‘सेन-ट्रि-फ्यगल’ म्हणे, आणि दोघेही एकाच यंत्राकडे बोट दाखवून हसत हसत एकमेकांना दुरुस्त करत. आमचा फिटर बराच वेळ ऐकत उभा होता. शेवटी त्याने मला हळूच विचारले, “साहेब, ह्यातलं नक्की कुठलं बंद करायचं?”

आता ॲल्युमिनियमकडे वळतो, कारण या विषयावर गप्पा सुरू झाल्या की अमेरिकनांनी त्यातला एक ‘आय’ खाल्ला, असा आरोप हमखास होतो. त्या प्रकरणाची सुरुवात एका इंग्रजाने केलेली आहे. सर हम्फ्री डेव्ही हे कॉर्नवॉलमधील पेन्झन्सचे. १८०७ मध्ये त्यांनी विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम हे धातू वेगळे केले आणि पुढच्याच वर्षी, ॲल्युमिना या ऑक्साइडमध्ये दडलेल्या पण अद्याप कोणाच्याही हाती न लागलेल्या धातूला ‘ॲल्युमियम’ असे नाव सुचवून टाकले. बाळ जन्मण्याआधीच बारसे झाले. १८१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या रसायनशास्त्रावरील ग्रंथात त्यांनी ते बदलून ‘ॲल्युमिनम’ केले, म्हणजे आज अमेरिकेत चालते तेच नाव लिहिले. त्याच वर्षी लंडनच्या एका नियतकालिकातील परीक्षकाने नाक मुरडले आणि ‘ॲल्युमिनियम’ हे कानाला अधिक अभिजात वाटते, असा अभिप्राय दिला. सोडियम आणि पोटॅशियम यांच्या शेजारी ते शोभते, हे खरे आहे. मात्र त्याच न्यायाने प्लॅटिनम, मॉलिब्डेनम आणि लँथॅनम यांना कोणी ‘इयम’ लावायला गेले नाही, हेही तितकेच खरे आहे.

पुढे १८८६ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी, एकमेकांना न विचारता, विजेने हा धातू स्वस्तात काढण्याची एकच पद्धत शोधली. (दोघांचा जन्म १८६३ चा आणि मृत्यूही १९१४ चाच, योगायोगाने आणखी किती करावे!) हॉलच्या पेटंटच्या कागदांवर ‘ॲल्युमिनियम’ होते, पण धातू विकण्यासाठी काढलेल्या पत्रकावर ‘ॲल्युमिनम’ छापले गेले, आणि बाजारात जे छापले जाते तेच लोकांच्या तोंडी बसते. अमेरिकन केमिकल सोसायटीने १९२५ मध्ये ते स्वीकारले. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९० मध्ये ‘ॲल्युमिनियम’ला मान्यता दिली आणि १९९३ मध्ये अमेरिकन रूपही चालेल, असे सांगून भांडण मिटवले. उच्चारात जोराची जागाही बदलते: ब्रिटिश माणूस ‘मि’वर जोर देतो आणि अमेरिकन ‘लू’वर, त्यामुळे तो शब्द ‘अ-लू-मिनम’ असा ऐकू येतो.

आमच्या घरी त्या पातेल्याला ‘जर्मनचे पातेले’ म्हणत असत, तेव्हा या वादात आम्ही पहिल्यापासून तिसऱ्याच देशाच्या बाजूने होतो.

उत्तर : औषधवाला, मिरज

मॅडम, आमचे मिरज दवाखान्यांचे गाव असल्यामुळे औषधांच्या दुकानात शब्दांची जत्रा भरलेली असते. आपण नक्की कोणाचे उच्चार करतो, हा आपला दुसरा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि गल्ल्यावर बसून मला त्याचे जे उत्तर दिसते ते असे की आपले कोणतेही एक धोरण नाही.

‘व्हिटॅमिन’ घ्या. हा उच्चार ब्रिटिश असून अमेरिकन माणूस ‘व्हायटमिन’ म्हणतो. कासिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये हे नाव तयार केले तेव्हा त्यात जीवन या अर्थाचा लॅटिन ‘विटा’ आणि रसायनशास्त्रातील ‘अमीन’ (नायट्रोजन असलेल्या संयुगांचा एक गट) असे दोन तुकडे होते. पुढे ही सगळी द्रव्ये अमीन नसतात असे लक्षात आल्यावर १९२० मध्ये स्पेलिंगच्या शेवटचा ‘ई’ काढून टाकण्यात आला. ‘आयोडीन’ हाही ब्रिटिश, कारण अमेरिकेत तो ‘आयोडाइन’ होतो. इथपर्यंत आपण इंग्लंडबरोबर आहोत. परंतु ‘मायग्रेन’ म्हणताना आपण गुपचूप अमेरिकेत जातो, कारण ब्रिटिश डॉक्टर बहुधा ‘मीग्रेन’ म्हणतात. मान दुखणारा गिऱ्हाईक ‘सर्व्हायकल’चा पट्टा मागतो तेव्हा तो पुन्हा लंडनला पोहोचलेला असतो, अमेरिकेत त्याला ‘सर्व्हिकल’ म्हणावे लागेल.

‘क्विनाईन’ची तर कमाल आहे. ब्रिटिश ‘क्विनीन’ म्हणतात आणि अमेरिकन ‘क्वायनाइन’. आपण डोके इंग्रजाचे आणि शेपूट अमेरिकनाचे जोडून ‘क्विनाईन’ केले, आणि त्याआधीच्या पिढीने या दोघांनाही न विचारता त्याचे सरळ ‘कोयनेल’ करून टाकले होते. ‘सलाईन’ही तसेच. ब्रिटिश ‘सेलाइन’, अमेरिकन बहुधा ‘सेलीन’. मिरजेत मात्र “दोन सलाईन लावल्या की माणूस उठून बसतो” असे म्हणतात आणि तो बसतोही.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. ‘पॅरासिटामॉल’ हा शब्द अमेरिकन मुलांपुढे कितीही शुद्ध उच्चारला तरी त्यांना तो कळेल असे नाही, कारण तिकडे त्याच औषधाला ‘ॲसिटामिनोफेन’ म्हणतात. दोन्ही नावे एकाच लांबलचक रासायनिक नावातील वेगवेगळी अक्षरे उचलून तयार केलेली आहेत. अशा ठिकाणी उच्चार सुधारून काही साधत नाही, दुसरे नावच माहीत असावे लागते.

उत्तर : शुद्ध इंग्रजी, कराड

मला या चर्चेचेच आश्चर्य वाटते. इंग्रजी भाषा इंग्लंडची आहे. तिचे मूळ उच्चार तिथे जपले गेले आणि अमेरिकनांनी ते आळशीपणाने बिघडवले, हे उघड आहे. ज्या देशात आयझेनहॉवर आणि धाकटे बुश हे दोन राष्ट्राध्यक्ष ‘न्यूक्लियर’ला ‘न्यूक्यलर’ म्हणत होते, त्या देशाचे उच्चार आपल्या मुलांनी का गिरवावेत? विद्यार्थ्यांना ब्रिटिश उच्चारच शिकवावेत आणि समोरच्यांनी ते समजून घ्यावेत.

उत्तर : अजिंक्यताऱ्याची लेक, मूळ सातारा, सध्या बोस्टन

बाई, नमस्कार. मी सातारची, इथे एका जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि आपल्या विद्यार्थ्यांचा ‘ॲडम’ वाचून मला मनापासून हसू आले, कारण इथे तो दिवसभर भेटतो. आपला पहिला प्रश्न नियमांचा आहे. नियम आहेत आणि ते थोडे आहेत. चारपाच कळले की पुष्कळसे शब्द आपोआप सुटतात.

पहिला नियम ‘ट’चा. दोन स्वरांच्या मध्ये ‘ट’ आला आणि त्याच्या पुढच्या अक्षरावर जोर नसला, तर अमेरिकन जीभ टाळूला नुसती चाटून जाते आणि आपल्या कानाला तो ‘ड’ ऐकू येतो. म्हणून ‘ॲटम’ आणि ‘ॲडम’ इथे एकसारखे, ‘मेटल’ आणि ‘मेडल’ एकसारखे, ‘वॉटर’चे ‘वॉडर’, ‘बॅटरी’चे ‘बॅडरी’ आणि ‘सॅटेलाइट’चे ‘सॅडलाइट’. जोर पुढच्या अक्षरावर सरकला की ‘ट’ पुन्हा खणखणीत होतो, त्यामुळे तोच मुलगा ‘ॲडम’ म्हणता म्हणता ‘अटॉमिक’ मात्र स्पष्ट म्हणतो. मुलांना हे दोन शब्द पाठोपाठ ऐकवावेत. फळ्यावर लिहून दाखवण्यापेक्षा ते लवकर कळेल.

दुसरा नियम ‘य’चा. ‘न’, ‘ट’, ‘ड’ यांच्या पुढचा ‘य’ बहुतेक अमेरिकन लोक गाळतात. ‘न्यूटन’चा ‘नूटन’ होतो, ‘न्यूट्रॉन’चा ‘नूट्रॉन’, आणि ‘टेस्ट ट्यूब’ची ‘टेस्ट टूब’. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये हाच ‘य’ इतका जोरात आहे की तो शेजारच्या ‘ट’ला ओढून नेतो आणि पुष्कळ ब्रिटिश लोक ‘च्यूब’ म्हणतात. स्पेलिंगप्रमाणे नेमके ‘ट्यूब’ म्हणणारे आपण एकटे सातारा-सांगलीकर उरतो की काय, अशी मला शंका आहे.

आपल्या मिसळीचा नियम तिसरा. ज्या शब्दांच्या शेवटी ब्रिटिश ‘आइल’ येतो, तिथे अमेरिकन बहुधा नुसता ‘ल’ ठेवतो: ‘मिसाइल’चे ‘मिसल’, ‘फर्टाइल’चे ‘फर्टल’, ‘स्टेराइल’चे ‘स्टेरल’, ‘डक्टाइल’चे ‘डक्टल’. पहिल्यांदा इथल्या वरिष्ठांनी मला एक डबी ‘स्टेरल’ आहे ना, असे विचारले तेव्हा मी आधी तिच्यावरची कंपनीची चिठ्ठी शोधली.

चौथा ग्रीक अक्षरांचा. आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘बीटा’, ‘थीटा’ आणि ‘झीटा’ ब्रिटिश आहेत. इथे त्यांचे ‘बेटा’, ‘थेटा’ आणि ‘झेटा’ होतात. दिवसभर चहूकडून ‘बेटा, बेटा’ ऐकू यावे आणि त्यात कोणाचीही माया नसावी, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. किरणोत्सर्गाला अल्फा आणि बीटा ही नावे देणाऱ्या रदरफर्ड यांचा जन्म न्यूझीलंडचा आणि १८९९ मध्ये छापल्या गेलेल्या त्या निबंधाचे काम इंग्लंडमधील केंब्रिजचे, पण तो छापून आला तेव्हा ते कॅनडातील मॉन्ट्रिअलला पोहोचले होते, म्हणजे या भांडणात त्यांना कोणत्या बाजूने साक्षीला बोलवावे, हे ठरवणे अवघडच.

कराडच्या काकांना आदरपूर्वक सांगते की ‘मूळ’ या शब्दावर इतका भरवसा ठेवू नये. प्राचीन ग्रीकांचा उच्चार ‘बेटा’च्या जवळचा होता आणि आजचे अथेन्सचे रहिवासी ‘वीटा’ म्हणतात. ‘बीटा’ हा इंग्लंडमध्ये मधल्या काळात स्वर सरकल्यामुळे तयार झालेला आहे. दुसरे उदाहरण आपल्याकडे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर असते. आपण आणि ब्रिटिश ‘सोल्डर’ म्हणतो आणि अमेरिकन ‘सॉडर’. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात ‘ल’ नव्हताच. तो पुढे पंडितांनी लॅटिनकडे पाहून स्पेलिंगमध्ये घातला आणि इंग्लंडने स्पेलिंग पाहून तो बोलायला सुरुवात केली. शब्दाच्या शेवटचा ‘र’ही तसाच. शेक्सपिअरच्या काळात इंग्लंडमध्ये तो वाजत होता. आज तो अमेरिकेत वाजतो, आपल्याकडे वाजतो आणि लंडनमध्ये ‘वॉटा’ झाला आहे. तेव्हा कोणी काय जपले आणि कोणी काय बिघडवले, याचा हिशोब प्रत्येक शब्दापुरता वेगळा मांडावा लागतो. ‘न्यूक्यलर’ची बाजू मात्र मीही घेणार नाही.

आपले उच्चार कोणाचे, याबद्दल मिरजच्या दादांचे निरीक्षण मला पटते, फक्त त्यांना धोरण दिसत नाही तिथे मला काळ दिसतो. जे शब्द शाळा आणि दवाखान्यांच्या वाटेने इंग्रजांच्या राज्यात आले ते बहुतांशी ब्रिटिश राहिले; संगणकाबरोबर आलेले अमेरिकन झाले. त्यामुळे आमचे वडील एसटीचा ‘रूट’ विचारतात आणि घरी आल्यावर ‘राउटर’ बंद पडला म्हणून ओरडतात. ब्रिटिश माणूस इंटरनेटच्या त्या पेटीलाही ‘रूटर’च म्हणतो.

शिकवण्याबाबत माझे मत असे आहे की मुलांना अमेरिकन सूर काढायला लावू नये. ते ऐकायलाही विचित्र होते आणि त्याची गरजही नसते. ऐकताना हे नियम त्यांना माहीत असले म्हणजे पुरते. बोलताना खरी अडचण बहुधा स्वरापेक्षा जोराची असते. आपण मराठीच्या सवयीने सगळी अक्षरे सारख्या वजनाने म्हणतो. ‘लॅबोरेटरी’ हा शब्द ब्रिटिश माणूस ‘बॉ’वर जोर देऊन ‘लबॉरट्री’ असा म्हणतो, अमेरिकन ‘लॅ’वर जोर देऊन ‘लॅब्रटोरी’ असा, आणि आपण पाचही अक्षरे हजेरी घेतल्यासारखी मोजून म्हणतो. ‘कॅपिलरी’चेही तसेच: इथे जोर ‘कॅ’वर असतो आणि इंग्लंडमध्ये ‘पि’वर, त्यामुळे तिथल्या केशवाहिन्या ‘कपिलरी’ होऊन एखाद्या कपिलच्या नातेवाईक वाटतात. जोर योग्य जागी पडला की बाकीचे समोरचा माणूस सांभाळून घेतो.

दोनच शब्द आधी सांगून ठेवा. ‘लिव्हर’ऐवजी या मुलांपुढे ‘लेव्हर’ म्हणावे, कारण आपल्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पुसला जातो आणि मग यकृत टळत नाही. आणि ‘सोल्डर’ म्हणताना वस्तू हातात धरून दाखवावी.

उत्तर : हरिपूर रोड, सांगली

आमचा हळदीचा व्यापार आहे, म्हणून एवढेच सांगतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यानंतर परदेशी गिऱ्हाइकांशी बोलण्याचे प्रसंग वाढले. इंग्लंडचा माणूस ‘टर्मरिक’ म्हणतो. अमेरिकेतील पुष्कळ लोक पहिला ‘र’ गिळून ‘टूमरिक’ म्हणतात. प्रथम मला वाटले की हे ‘टुमॉरो’ म्हणत आहेत आणि माल उद्याच मागत आहेत. शिवाय ते ‘हर्ब’ला ‘अर्ब’ आणि ‘हर्बल’ला ‘अर्बल’ म्हणतात. पलीकडचा माणूस काहीही म्हणो, नंतर तो कर्क्युमिनचा, म्हणजे हळदीतील पिवळ्या द्रव्याचा, टक्का विचारतो आणि त्यावर भाव ठरतो, तेव्हा तिथे सर्वांचे लक्ष आकड्यावर असते. हे कर्क्युमिन हळदीतून प्रथम वेगळे करणाऱ्या दोघांपैकी एक पेल्टिए नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ होते (साल १८१५), आणि मिरजच्या भाऊंनी सांगितलेले क्विनाईनही १८२० मध्ये त्यांनीच एका सहकाऱ्याबरोबर सिंकोनाच्या सालीतून काढले. दोन्ही कडू-पिवळ्या गोष्टींमागे एकच माणूस निघाला, हे मला परवाच वाचनात आले म्हणून लिहिले.

प्रश्नकर्ती : कृष्णाकाठची शिक्षिका, सांगली

सर्वांचे आभार. ‘ॲडम’ आणि ‘अटॉमिक’ हे शब्द मी आज वर्गात पाठोपाठ ऐकवले आणि मुलांनी ‘ट’ कधी विरघळतो, याचा नियम माझ्याआधी सांगितला. त्यानंतर मधल्या सुट्टीत ‘बॅडरी’, ‘मीडर’ आणि ‘कम्प्यूडर’ असा जो धुमाकूळ सुरू झाला त्याची जबाबदारी बोस्टनच्या ताईंनी घ्यावी. पुढच्या सत्रात तिकडची मुले भूगर्भातील उष्णतेवर बोलणार आहेत आणि आमची मुले त्रिमितीय आलेख दाखवणार आहेत. तिसऱ्या अक्षाला ‘झेड’ म्हणावे की ‘झी’? ‘झी’ म्हटले की आमच्या मुलांना संध्याकाळच्या मालिका आठवतात.

उत्तर : अजिंक्यताऱ्याची लेक, मूळ सातारा, सध्या बोस्टन

बाई, ‘झेड’ म्हणू द्या. इथल्या मुलांना तो ब्रिटिश उच्चार म्हणून बहुधा ऐकून माहीत असतो, आणि आलेखावर अक्षर समोर लिहिलेले असल्यामुळे कोणी चुकणार नाही. उलट ‘झी’ आणि ‘सी’ यांत आपल्या आवाजात गोंधळ होण्याचा संभव अधिक आहे. मात्र तिकडच्या मुलांकडून भूगर्भाच्या विषयात ‘गायझर’ हा शब्द नक्की येईल, त्यासाठी आपल्या मुलांना तयार ठेवा. आइसलँडमधील ‘गेसिर’ नावाच्या उसळत्या गरम झऱ्यावरून तो आला. इंग्लंडने त्याचा ‘गीझर’ केला आणि अमेरिकेने ‘गायझर’. येलोस्टोन या अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानात ठरावीक अंतराने उडणारा प्रसिद्ध झरा हाही ‘गायझर’च. आपल्या न्हाणीघरातील उपकरणाला अमेरिकेत ‘वॉटर हीटर’ म्हणतात, त्यामुळे आपली मुले “आमच्या घरी गिझर आहे” असे म्हणाली, तर पुढची दहा मिनिटे प्रश्नोत्तरांत जातील.

उत्तर : जुना केमिस्ट, वाळवा तालुका

बोस्टनच्या ताईंनी माझा एक जुना प्रश्न सोडवला. माझा मुलगा लंडनला असतो. तो तिथल्या मित्रांना आमच्या घरात दोन ‘गीझर’ आहेत आणि त्यांपैकी एकच चालतो, असे सांगतो आणि ते लोक फार हसतात, असे सूनबाई म्हणत होत्या. काल फोनवर मी खुलासा मागितला, तेव्हा ब्रिटिश बोलीत त्याच उच्चाराचा शब्द म्हातारबुवांसाठीही वापरतात, असे कळले. बंद पडलेला गिझर न्हाणीघरातला आहे, हे त्याने आपल्या मित्रांना स्पष्ट करावे, असे मी त्याला बजावले आहे.